तिचं बोलून होईपर्यंत

बाबांनी बटण दाबलं.

तिने आधी कान तपासायच्या यंत्राकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिची सवयच होती तशी, आधी यंत्र, माणूस नंतर. सूर तिने सोडला होता खरा, पण तो मोठ्यातला मोठा. एवढ्या आवाजाने ठार बहिऱ्या माणसाच्याही कानात काहीतरी थरथरतं आणि तो बटण दाबतो. त्यात नवल नव्हतं. तिने आवाज दहाने उतरवला. काचेपलीकडे, गाडीच्या मागच्या भागात बसवलेल्या कपाटाएवढ्या खोलीत, कानांवर जाड हेडफोन चढवून बाबा ताठ बसले होते. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर, दुसऱ्यात बटण. त्यांनी ते दाबलं की इकडे तिच्यासमोर हिरवा दिवा लागायचा. तो लागला. आणखी दहा उतरवले. लागला. तिने वायरीचं टोक उपसून पुन्हा घट्ट बसवलं, कारण माजी सैनिकांच्या वसाहतीत सकाळपासून गाडी इकडून तिकडे हलवत होते आणि हादऱ्यांनी काहीतरी सैल झालं असणार. आणखी दहा. लागला. तिने दुसरे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले. सूर होता तसाच, स्वच्छ. मग तिने तिला सगळ्यात जास्त भरवशाची वाटणारी गोष्ट केली. ती थांबली. सूर सोडलाच नाही. सोडल्यासारखा हात मात्र हलवला.

दिवा लागला नाही.

खरा बहिरा माणूस शांततेतही बटण दाबतो, हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं. पण हा उद्योग करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. त्याला ऐकायचं असतं. तो इतका जीव एकवटून बसलेला असतो की स्वतःच्या रक्ताच्या ठोक्यालाही तो सूर समजतो. सकाळीच तोफखाना येऊन गेला होता. तोफांवर उभी हयात काढलेला म्हातारा, अख्खी वसाहत त्याला त्याच नावाने हाक मारते. त्याने तर सुरुवात व्हायच्या आधीच धडाधड बटण दाबायला घेतलं. "अहो आजोबा, मी अजून काही वाजवलंच नाही," ती म्हणाली, तर दात नसलेलं हसू हसून म्हणाला, "मग लवकर वाजव ना बाई, मी काय जन्मभर वाट बघू?" सगळे तसेच. चुकीच्या जागी दाबतात, मग ओशाळतात. बाबा एकदाही चुकले नाहीत. ती सूर सोडायची तेव्हाच दिवा लागायचा आणि ती गप्प राहिली की दिवाही गप्प. ती उतरत उतरत अशा सुरापाशी आली, जो गाडीतला पंखा चालू असताना तिला स्वतःलाही नीट येत नसे. बाबांनी एक क्षण श्वास रोखून धरला आणि बटण दाबलं.

मग खोलीतल्या माइकवरून तिच्या कानात एक आवाज आला. "किती हळू करशील अजून? येतंय ऐकू."

तो आवाज कुणाचा, हे तिला एकदम कळलं नाही. गाडीचा चालक तर नाही ना म्हणून तिने मागे वळून पाहिलं. चालक खाली झाडाच्या सावलीत डबा खात बसला होता. बाबांचा आवाज तिला माहीत होता. मोठा, सपाट, चढउतार नसलेला, जिन्यातून खालच्या मजल्यापर्यंत जाणारा. स्वतःचं बोलणं ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा. हा आवाज मऊ होता आणि थोडा घोगरा. वाक्याच्या शेवटी तो किंचित खाली उतरला. तिच्या बाबांच्या आवाजाला उतार आहे, हे तिला आज, ह्या वयात, केसांत पांढरं दिसायला लागल्यावर कळत होतं.

"दार उघडू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी काचेकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होते. "आधी ऐक. इथलं बोलणं बाहेर जात नाही ना?"

तिने बोलण्याची कळ दाबली. "नाही जात," ती म्हणाली. तोंडावर मुद्दाम हात ठेवून, ओठ दिसू नयेत म्हणून.

"तुझ्या आईच्या छातीत गाठ आहे," बाबा म्हणाले. "डाव्या बाजूला. उन्हाळ्यापासून. मला रोज सांगते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही ती. तुला तर नाहीच."

आणि हेडफोन काढून त्यांनी ते खुंटीला अडकवले, व्यवस्थित, वायरीची गुंडाळी करून.

पुढचा तासभर तिने काम केलं. दोघांचे कान तपासले, एकाला यंत्राची बॅटरी बदलून दिली, एका बाईला समजावलं की नवऱ्याच्या उजव्या बाजूने बोलत जा, डावीकडून ओरडून काही उपयोग नाही. ती बाई म्हणाली, "ते मुद्दामच डावी बाजू करतात माझ्याकडे," आणि रांगेतले सगळे हसले. तीही हसली. चालक म्हणाला, "मॅडम, बाबांचं काय निघालं?" ती म्हणाली, "तेच, दुसरं काय निघणार." हे तिच्या तोंडून इतकं सहज गेलं की तिलाच धक्का बसला. बाबा बाहेर बाकावर बसले होते. चालक त्यांच्या मागून बादली घेऊन गेला, बादली दगडावर आपटली, बाबांची पापणी हलली नाही. ती दारातून बघत राहिली. ती ज्या विषयात शिकली होती त्यात ह्या गोष्टीला नावं होती, प्रतिक्षिप्त क्रिया, दचकणं, मानेच्या स्नायूंचं आपोआप आक्रसणं. कुठलीही माणसाच्या हातातली नाही. आणि समोर एक माणूस बसला होता ज्याने त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं हुकमात ठेवलं होतं.

घरात बाबांना बोलवायचं म्हणजे जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. तिने चालायला शिकल्यावर शिकलेली ही पहिली गोष्ट असावी. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भांडायला वर आले, की तुम्ही घरात परेड करता का. आईने सांगितलं की ह्यांचे कान लढाईत गेलेत, तर बिचारे इतके वरमले की त्यानंतर जिन्यात बाबा भेटले की तेच आवाज खाली आणून बोलायचे, जणू दवाखान्यात आहेत. आई आणि ती किती हसल्या होत्या त्यावर. बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते. आता त्या पेपराचा कोपरा तिला दिसत होता, किंचित हलणारा. तेव्हा तो हलला होता की आता ती हलवत होती? असं एकेक चित्र समोर यायला लागलं आणि प्रत्येकात पाठमोरा एक माणूस. शाळेत असताना ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच म्हणायची, "बाबा, तुमचं पेन मी मोडलं." ते वळायचे नाहीत. मग ती आणखी हळू काहीतरी म्हणायची. ही तपासणी होती खरं तर, तिची पहिली. पुढे तो चाळा राहिला नाही, सवय झाली. घरात ज्याला जे कुणाजवळ बोलता येत नसे ते तो बाबांच्या पाठीशी जाऊन बोलायचा. परीक्षेत वेळेचा अंदाज येत नाही, भीती वाटते, असं ती एकदा बोलली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पुस्तकांवर बाबांचं मनगटी घड्याळ ठेवलेलं होतं. लग्नानंतर एकदा ती एका दिवसापुरती आली. बाबा खुर्चीचा पाय बसवत होते. ती मागे बसून म्हणाली, "मला तिथे परत जायचं नाहीये बाबा." आईलाही सांगितलं नव्हतं. सकाळी बाबा घरात नव्हते. दुपारी आले ते टेंपो घेऊन, त्यात तिचे सगळे खोके, कपड्यांचे, पुस्तकांचे, कुंड्यासुद्धा. आई म्हणाली, "बघ, ह्यांना न सांगता कळतं." हे घरातलं ठरलेलं वाक्य होतं. नातेवाइकांनाही पाठ होतं. एक इंद्रिय गेलं की दुसरं येतं, मावशी म्हणायची. आणि ती, जिने कानाची रचना पेशीपेशीने पाठ केली होती, तीसुद्धा ह्यावर मान डोलवायची.

तिला राग यायला हवा होता. तो कुठेतरी होता, पण दूर, पायाला मुंग्या आल्यावर पाय असतो तसा. तिने हा विषय का घेतला हे तिला कुणी विचारलं की ती सांगायची, वडिलांमुळे. रात्ररात्र जागून ती कानाच्या आतल्या त्या इवल्या गोगलगाईच्या आकाराच्या नळीची चित्रं काढायची, तिच्यातले केसांहून बारीक केस मोजायची, एका स्फोटात ते कसे आडवे होतात आणि पुन्हा कधीच उभे राहत नाहीत हे वाचताना तिला रडू यायचं. जगातल्या एका माणसाच्या कानांसाठी तिने हे सगळं शिकून घेतलं होतं, आणि त्याच माणसाचे कान तिने कधी तपासले नाहीत. बाबा हात झटकायचे, हसायचे, नको म्हणायचे. तिलाही सुटल्यासारखं वाटायचं. आपल्या माणसाच्या कानांचा आलेख आपण काढू नये, असं ती सोबतच्यांना शहाणपणाने सांगायची. आज बाबा स्वतःहून रांगेत येऊन उभे राहिले तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारपणी तरी माणूस नमला.

परत जाताना तिच्या छोट्या गाडीत दोघंच होते. तिने काचा वर केल्या. तिला बोलायची पद्धतच माहीत नव्हती. इतकी वर्षं ती बाबांशी हातांनी बोलली होती, तोंडाचे मोठे मोठे आकार करून. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?" आणि सवयीने हातानेही विचारलं.

"तू झाली नव्हतीस अजून," बाबा म्हणाले. "सुरुवातीला खरंच गेले होते. दवाखान्यातल्यांनी सांगितलं होतं, आले तर येतील परत. नोकरी गेली ती गुडघ्यामुळे, कानांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घरी आलो. आधीचं तुला माहीत नाही. आधी मी फार ओरडायचो. सुट्टीवर यायचो आणि हुकूम सोडायचो. तुझी आई नवीन होती. हो आणि नाही, एवढंच बोलायची. मला वाटायचं, मुळात अबोल आहे."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबा म्हणाले, "हिरवा झालाय." तिने गाडी पुढे काढली.

"एक दिवस दुपारी पडलो होतो," ते पुढे म्हणाले. "ती धान्य निवडत होती, माझ्याकडे पाठ. आणि ऐकू यायला लागलं. आधी ताटातल्या दाण्यांचं, मग तिचं. ती बोलत होती. एकटीच. किती बोलत होती! मला आनंदाने हाकच मारायची होती तिला. तेवढ्यात ती म्हणाली, ह्यांचे कान गेले आणि मला तोंड फुटलं. असं म्हणाली आणि हसली. मी तिला हसताना ऐकलंच नव्हतं त्याआधी. म्हटलं, हिचं बोलून होऊ दे, मग सांगू. तर तिचं बोलून झालंच नाही."

रस्ता तिला धूसर दिसायला लागला म्हणून तिने गाडी कडेला घेतली. पुढे दूधवाल्याचं दुकान होतं, एक माणूस क्रेट उतरवत होता, एकावर एक, आणि त्या आवाजाकडे आता तिच्या शेजारच्या माणसाची मान अगदी थोडी वळली. जणू इतकी वर्षं बांधून ठेवलेला स्नायू कुणीतरी सोडला होता.

"तिला कळू देऊ नकोस," बाबा म्हणाले. "तपासणीला ने. काहीतरी कर. पण माझं कळू देऊ नकोस. बोलायची थांबेल ती."

तिने तिथूनच डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. वसाहतीत दुसऱ्या दिवशी घरातल्या बायकांच्या तपासणीची गाडी येणार होती आणि ती मैत्रीण त्या गाडीवर होती. मैत्रिणीने शांतपणे दोनचार प्रश्न विचारले. गाठ हलते का, दुखते का. तिला उत्तरं माहीत नव्हती. शेजारून बाबा हळू आवाजात सांगत गेले आणि ती फोनमध्ये तेच बोलत गेली. हलत नाही. दुखत नाही. आधी सुपारीएवढी होती, आता मोठी लागते. "उद्या सकाळी नऊला आण," मैत्रीण म्हणाली, "नको म्हणाली तरी आण. आणि हे तुला कुणी सांगितलं गं इतकं?" ती म्हणाली, "घरातल्यांनी."

आई दारातच होती. धडधाकट दिसत होती, बाह्या वर सारलेल्या, हात ओले. ती आईच्या छातीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती आणि तिथेच बघत होती. आईने बाबांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना खुर्चीकडे बोट दाखवलं, आणि मग त्यांच्या देखतच, त्यांच्या डोक्यावरून विचारलं, "काय गं, मशीन लावलं तर यांना ऐकू येईल का?"

प्रश्न साधा होता. पण आईने विचारताना दाराची कडी धरून ठेवली होती. तिच्या कामात असे चेहरे रोज समोर यायचे, होय ऐकायला आसुसलेले. हा तसा नव्हता. ती म्हणाली, "नाही आई. नसच गेलीय. मशीनचा काही उपयोग नाही."

आईने कडी सोडली. "जाऊ दे," ती म्हणाली. "आता कशाला हवंय ह्या वयात." आणि स्वयंपाकघरात जाताना तिचं पाऊल हलकं झालं होतं.

जेवणं उरकली. आई भांडी घासायला लागली. बाबा मागे टेबलापाशी पाठ करून बसले होते, घड्याळाचा पट्टा दुरुस्त करत. तिने पुसायचं फडकं घेतलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं की उद्या बायकांच्या तपासणीची गाडी आहे, माजी सैनिकांच्या घरातल्या सगळ्यांनी यायचंय, नियमच आहे तसा.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली.

"सगळ्यांचीच करतात. दहा मिनिटांचं काम."

"सगळ्यांची करू दे. मला नको ते कुणी हात लावणं."

"बाईच आहे डॉक्टर. माझी मैत्रीण."

"मग तर अजिबात नको. उद्या सगळीकडे बोलेल." आईने ताट विसळून तिच्या हातात दिलं. "तू जगाचे कान तपासतेस तेवढं पुरे. माझ्यामागे लागू नकोस."

ती आणखी बरंच बोलली. रक्तदाब म्हणाली, साखर म्हणाली, शेवटी वयाचं म्हणाली, तेव्हा आईने नळ मोठा सोडला. बोलणं संपलं अशी ती खूण होती, तिच्या लहानपणापासूनची. गाठ हा शब्द तिच्या ओठांवर होता. तो उच्चारला की पुढचा प्रश्न एकच होता, तुला कुणी सांगितलं. आणि जगात सांगू शकणारा माणूस एकच होता. दिलेला शब्द आणि आईची डावी बाजू, ह्यांच्यामध्ये ती फडकं घेऊन उभी होती. तिला जाणवलं की ती श्वास रोखून उभी आहे, दुपारी काचेपलीकडे बाबा बसले होते तशी.

आईने पातेलं उचललं आणि मागे न बघता, नळाच्या आवाजात, रोज बोलायची तशा पुटपुटत्या लाडिक सुरात म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगा हो हिला. काही झालेलं नाही म्हणावं मला."

"झालंय," बाबा म्हणाले.

त्यांनीही मागे पाहिलं नाही. घड्याळाच्या पट्ट्यात सुई अडकवत ते त्याच मऊ, उतरत्या आवाजात म्हणाले, "डाव्या बाजूला. परवा म्हणालीस, आता हात वर केला की जाणवते."

पातेलं पडलं नाही. आईने ते धरूनच ठेवलं होतं, त्यात पाणी भरत होतं, काठावरून वाहायला लागलं तरी ती तशीच. मग तिने नळ बंद केला. तपासणीच्या गाडीतल्या त्या कपाटाएवढ्या खोलीतही कधी झाली नव्हती इतकी शांतता झाली. त्या शांततेत आईची मान, पाठमोरी, हळूहळू लाल होत गेलेली तिला दिसली. आई आठवणींत मागे जात असणार, मुलगी स्वतः दुपारभर गेली होती तशी. पण आईला जायचं होतं ते किती दूर, किती दुपारी, किती संध्याकाळी, आणि त्या प्रत्येकीत काय काय बोललेलं. सासूबद्दल. बाबांच्या त्या हुकमांबद्दल. कदाचित आणखी कुणाबद्दल. मुलीला कधीच कळणार नाही अशा कशाकशाबद्दल.

"किती ऐकलंत?" आईने विचारलं. आवाज कोरडा होता.

"सगळं."

"आणि गप्प बसलात."

बाबांनी सुई खाली ठेवली. "तू बोलत होतीस ना," ते म्हणाले.

आई वळली नाही. तिने पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. तिचे खांदे हलत होते. रडण्याने की घासण्याने, सांगता येत नव्हतं. मुलगी मधे उभी होती आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की ह्या खोलीत आपण नको आहोत, आपल्याला इथलं ऐकू येता कामा नये. ती पाऊल न वाजवता दाराकडे निघाली.

"उद्या किती वाजता यायचं?" आई म्हणाली. तिच्याकडे किंवा कुणाकडेही न बघता.

ती उत्तर देणार होती. पण मागून बाबाच म्हणाले, "नऊला."

आणि आई म्हणाली, "बरं."